तारीख घालून लिहून ठेवा



घोडबंदर रस्ता वरसाव्याला जिथे अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तिथून थोडे आत एका ओळखीच्या घरी आम्ही गेल्या वर्षी ईदनंतर भेटायला गेलो होतो. खाडीकडून वारा येत होता, बाहेर ट्रकांची रांग लागली होती आणि आत शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. गप्पांच्या ओघात घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या फूफीने गमतीने सात वर्षांच्या चुलतभावाशेजारी उभे केले. दोघांची उंची जवळजवळ सारखीच होती. सगळे हसले. मुलगी मात्र गुपचूप आतल्या खोलीत निघून गेली.

तिची आई हळूच म्हणाली, "शाळेच्या रांगेत नेहमी पहिला नंबर हिचाच. मी म्हणते डॉक्टरांना दाखवू, तर अम्मी म्हणतात, आपल्या खानदानात सगळेच ठेंगणे."

सासूबाईंनी लगेच उत्तर दिले, "हिचे अब्बा पण असेच होते. दहावीत एकदम वाढले." फूफीने उंची वाढवणाऱ्या एका पावडरचे नाव सांगितले. कोणी म्हणाले दोरीवरच्या उड्या मारायला लावा, कोणी म्हणाले दूध वाढवा. मत नव्हते असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

आम्ही विचारले, "मागच्या वर्षी हिची उंची किती होती?"

यावर मात्र कोणालाच बोलता येईना. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या म्हणे, पण रमजानच्या आधी घराला रंग दिला, त्यात त्या गेल्या. शेवटी मुलीच्या आईला शाळेच्या प्रगतिपुस्तकांची आठवण झाली. कपाटातून तीन वर्षांची तीन प्रगतिपुस्तके निघाली. उंची-वजनाच्या रकान्यात बाईंनी लिहिलेले आकडे होते : तिसरीत ११३ सेंटिमीटर, चौथीत ११५.५, पाचवीत ११८.

म्हणजे दोन वर्षांत पाच सेंटिमीटर. चार-पाच वर्षांचे झाल्यावर वयात येईपर्यंत निरोगी मूल साधारण एका वर्षात पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. ही मुलगी एका वर्षात जेवढे वाढायला हवे तेवढे दोन वर्षांत वाढली होती. हे तीन आकडे घरातच पडून होते, ते शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते, एवढेच. त्या मुलीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. त्याआधी या आकड्यांमागची गोष्ट सांगायची आहे.

मुलीच्या अब्बांनी त्याच रात्री मोबाइलवर मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर शोधायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला एका डॉक्टरांच्या शोधनिबंधांची यादी दाखवली. "केवढी लांब यादी आहे! मोठे डॉक्टर असतील. पण यातले आपल्याला काय कळणार?"

प्रश्न रास्त होता. अशी यादी कशी वाचायची हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. पण मुलीसाठी रिश्ता आला की आपण काय करतो ते आठवा. नुसता पगाराचा आकडा ऐकून कोणी होकार देत नाही. मुलगा एका कामावर किती वर्षे टिकला, कोणाच्या सोबतीने काम केले, त्याच्याशी व्यवहार केलेले लोक काय सांगतात, हे आपण विचारतो. संशोधकाची यादीही अशीच वाचावी. निबंध किती आहेत यापेक्षा एकच प्रश्न तो किती वर्षे धरून बसला आहे, सोबत कोण आहेत, आणि त्याने लिहिलेले पुढे दुसऱ्यांनी वापरले का, हे पाहावे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिथले डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर हे दांपत्य अनेक वर्षे मुलांच्या वाढीवर लिहीत आले आहे. त्यांचा प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे : आजचे निरोगी भारतीय मूल कोणत्या वयाला किती उंच असते? हे नीट माहीत नसेल तर कोणते मूल मागे पडले आहे हे ठरवणार कसे? परदेशातल्या मुलांच्या तक्त्यावर आपले मूल मोजले तर धडधाकट मूलही ठेंगणे ठरते. पूर्वी जे भारतीय तक्ते वापरात होते त्यांची मोजमापे १९८९ ते १९९१ या काळातली. त्यानंतर घराघरातले खाणेपिणे बदलले, मुलांची उंची बदलली, वजनही बदलले.

म्हणून २००७-०८ मध्ये देशाच्या पाच विभागांतल्या शाळांमधून मुलांची उंची आणि वजने घेतली गेली. अठरा हजारांहून अधिक मुलांच्या मोजमापांवरचा हा निबंध २००९ साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या मासिकात आला. त्यावर चार नावे आहेत : खाडिलकर पतिपत्नी, वाढीच्या आकडेशास्त्रासाठी जगभर ओळखले जाणारे लंडनचे टिम कोल, आणि एम. जी. सय्यद.

काम इथे थांबले नाही. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. समितीच्या वतीने लिहिणाऱ्यांत पहिले नाव डॉ. वामन खाडिलकर यांचे आहे. मुंबई आणि पुण्यासह चौदा शहरांतल्या ३३,१४८ मुलामुलींची मोजमापे त्यात वापरली आहेत. उंचीच्या मानाने फार जास्त वजन असलेली मुले हिशेबातून मुद्दाम वगळली. कारण सगळीच मुले जाड होत चालली आणि त्यांचीच सरासरी 'ठीक' धरली, तर लठ्ठपणा तक्त्यात दिसणारच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे तक्ते वापरतात. तेही सहा देशांतल्या बाळांवरून केलेले आहेत आणि त्या सहांत भारत आहे.

तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळा, वळणदार रेषांचा जो कागद असतो, तो असा तयार झाला. हजारो मुले पायातले बूट काढून भिंतीला पाठ लावून उभी राहिली, कोणीतरी आकडा लिहिला, दुसऱ्याने तपासला, तिसऱ्याने छापला. वरसाव्याच्या मुलीचे तीन आकडे या कागदावर मांडले तेव्हा तिचा बिंदू दर वर्षी रेषेखाली सरकताना दिसला. "आमच्या खानदानात सगळेच ठेंगणे" या वाक्याची पारखही अशीच होते. घराण्याने ठेंगणे असलेले मूल खालच्या रेषेवर असते, पण तिथे ते रेषा धरून चालते. जे मूल रेषा सोडून खाली उतरत जाते, त्याचे कारण शोधावेच लागते.

उंची खुंटण्याचे एक कारण थायरॉइड ग्रंथी. गळ्यातल्या या छोट्या ग्रंथीचे काम मंदावले की मुलाची वाढ मंदावते, मूल सुस्त होते, बद्धकोष्ठ होते, अभ्यासात मागे पडते. जन्मतःच हा दोष असेल तर धोका मेंदूला असतो, आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर तो टाळता येतो. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकातच मुंबईत नवजात बाळांची ही तपासणी करून पाहिली आणि काय आढळले, कुठे अडले ते लिहून ठेवले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या अनेक केंद्रांत लाखभर बाळे तपासली, तेव्हा साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा दोष आढळला. म्हणून घरात बाळ जन्मले की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी झाली का, हे डिस्चार्जच्या आधी जरूर विचारा.

आता दुसरी गोष्ट, न छापलेल्या कामाची. त्यासाठी थोडा वेळ परळहून कोलकात्याला जावे लागेल.

मुलीला वयात आणणारे हार्मोन आणि पुढे पाळी, गर्भधारणा सांभाळणारे हार्मोन हे एकाच साखळीचे. म्हणून मुलांच्या वाढीचे आणि प्रजननाचे संशोधन हातात हात घालून चालते. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी हे याच साखळीचे अभ्यासक. जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात एक मुलगी जन्मली. हार्मोनची इंजेक्शने देऊन त्यांनी बीजे पिकवली होती आणि गर्भ गोठवून ठेवून नंतर आईच्या पोटात ठेवला होता. पण मोठ्या वैद्यकीय मासिकात तपशीलवार निबंध नव्हता; गर्भ गोठवण्याविषयीचे एक छोटे टिपण तेवढे छापून आले होते. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. परदेशात जाऊन आपले काम मांडण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. जून १९८१ मध्ये, मानहानी सोसत, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात एका टेस्ट ट्यूब मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे काम. सगळ्या नोंदी नीट होत्या, म्हणून देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ असा मान त्याला मिळाला. अकरा वर्षांनी आनंद कुमार विज्ञान परिषदेसाठी कोलकात्याला गेले, तेव्हा मुखर्जी यांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, त्या मुलीच्या आईवडिलांशी बोलले, आणि १९९७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात सही करून लिहिले की हा मान आमचा नाही, सुभाष मुखर्जी यांचा आहे.

ज्या मानाने आपले नाव झाले तो मान आपल्याच हाताने खऱ्या हकदाराला परत करणे सोपे नसते. आनंद कुमारांच्या शोधनिबंधांच्या यादीत हा लेख एका ओळीचा आहे, पण आमच्या मते त्या यादीतली सगळ्यात मोठी ओळ हीच. आणि हे शक्य झाले ते मुखर्जी यांनी हाताने लिहून ठेवले होते म्हणून, आणि त्यांच्या पत्नीने व सहकाऱ्याने ते कागद जपले होते म्हणून. कागदच उरले नसते तर देणाऱ्याच्या मनात असूनही काय परत देता आले असते?

आता आपल्या घराकडे येऊ. लिहून न ठेवण्याची किंमत आपल्या मुलीही मोजतात.

सुमारे अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम नावाचा जन्मजात दोष असतो. गुणसूत्रांपैकी एक कमी असते किंवा अपुरे असते. अशी मुलगी ठेंगणी राहते आणि बहुतेक वेळा तिची पाळी आपोआप सुरू होत नाही. बुद्धीने ती चारचौघींसारखीच असते. वाढीच्या कागदावर हे सात-आठ वर्षांच्या वयात दिसू शकते आणि तेव्हा उंचीसाठी आणि पुढे वयात येण्यासाठी उपचार करता येतात. पण कोणी मोजले नाही, पाळीचा विषय शरमेने झाकला गेला, गोळ्या देऊन एक-दोनदा पाळी आणली आणि निकाह लावून दिला, तर मूल का होत नाही हे सासरी कळते. मग दोष मुलीच्या माथी येतो आणि कधी कधी तलाकपर्यंत गोष्ट जाते. दहा रुपयांची मोजपट्टी आणि एक वही यातले बरेच काही टाळू शकते.

याच्या उलटही घडते. आठ वर्षांच्या आत मुलीच्या छातीत बदल दिसू लागले, किंवा नऊ वर्षांच्या आत मुलग्यात वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर ते वेळेआधी आहे. आपल्याकडे लगेच "मुलगी बालिग होतेय" म्हणून तिचे खेळणे बंद होते. असे करू नका. दुसरीतली मुलगी ही दुसरीतलीच मुलगी असते. तिला डॉक्टरांकडे न्या, कारण असे मूल आधी भराभर वाढते, पण त्याच्या हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची लवकर थांबते. औषधाने हे रोखता येते, पण वेळेत गेलात तरच.

तेराव्या वर्षापर्यंत मुलीच्या छातीत काहीच बदल नाही, पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा चौदा पूर्ण होऊनही मुलग्यात वयात येण्याची खूण नाही, तरीही दाखवा. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होणे नेहमीचे आहे. एवढ्यावरून आणि एका सोनोग्राफीवरून कोवळ्या मुलीला 'पीसीओएस' असा शिक्का मारून घेऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत या निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र पाळी तीन महिने आलीच नाही, चेहऱ्यावर जाड केस वाढले, किंवा वजन झपाट्याने वाढले, तर पाळीच्या तारखा लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा. "कधी कधी येते, कधी नाही" या सांगण्यापेक्षा सहा तारखा डॉक्टरांना जास्त सांगतात.

घरी उंची मोजण्याची रीत सोपी आहे. भिंतीला मोजपट्टी सरळ चिकटवा. चप्पल-मोजे काढा, मुलीची वेणी किंवा अंबाडा सोडा. टाचा, पाठ आणि डोके भिंतीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरा आणि आकडा वाचा. दर सहा महिन्यांनी, शक्यतो सकाळी, त्याच पट्टीने मोजा, कारण संध्याकाळपर्यंत उंची थोडी कमी भरते. आकड्यापुढे तारीख लिहा. तारीख नसेल तर आकडा फुकट.

आईवडिलांच्या उंचीवरूनही अंदाज येतो. मुलीसाठी वडिलांच्या उंचीतून १३ सेंटिमीटर वजा करा, त्यात आईची उंची मिळवा आणि दोनने भागा. वडील १६८ आणि आई १५४ असेल तर १५५ अधिक १५४, भागिले दोन, म्हणजे १५४.५. मुलग्यासाठी १३ वजा करण्याऐवजी मिळवा; मग १६७.५ येते. हा अंदाज आहे, सातआठ सेंटिमीटर इकडेतिकडे चालते. पण मूल त्यापासून फार दूर चालले असेल तर डॉक्टरांना विचारा.

पावडरींविषयी एकच सांगू. हाडांच्या टोकांशी वाढीची जागा उघडी असते तोवरच उंची वाढते. मुलीची पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढ उरते आणि दोनेक वर्षांत तीही संपते. ती जागा बंद झाल्यावर कोणत्याही डब्यातली पावडर ती उघडत नाही. पावडर देऊन वाट पाहण्यात जे वर्ष जाते ते पैशांपेक्षा महाग असते.

आता त्या मुलीचे. तिचे अब्बा रजा काढून तिला घेऊन मीरा रोडहून लोकलने मुंबईला गेले. पिशवीत तीन प्रगतिपुस्तके होती. डॉक्टरांनी ती आधी पाहिली आणि मग मुलीकडे. रक्ततपासणीत थायरॉइड मंद निघाले. डाव्या हाताच्या एक्सरेत हाडांचे वय तिच्या वयाच्या बरेच मागे होते, म्हणजे वाढायला अजून अवकाश होता. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी आणि ठरल्या वेळी रक्ततपासणी, एवढाच उपचार. घरातल्या मोठ्यांपैकी जे रोजे ठेवतात आणि हीच गोळी घेतात, त्यांनी रमजानमध्ये ती कधी घ्यायची हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. मनाने बंद करू नये.

या वर्षी आम्ही पुन्हा ईदला गेलो. मुलीची उंची १२६.५ झाली आहे. एका वर्षात साडेआठ सेंटिमीटर. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. तिने स्वतःच वही आणून दाखवली. पहिल्या पानावर तिसरी, चौथी आणि पाचवीचे तीन आकडे तिच्या अक्षरात उतरवलेले आहेत. खाली दर तीन महिन्यांची तारीख आणि आकडा. शेवटच्या पानावर सात वर्षांच्या, आता आठ झालेल्या, चुलतभावाचीही नोंद तिने सुरू केली आहे. सासूबाई म्हणाल्या, "आता घरात कोणी आलं की ही आधी भिंतीला उभं करते. मलाही सोडलं नाही."

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या जुम्म्याला घरातली मुले भिंतीला उभी करा. जुनी प्रगतिपुस्तके आणि लसीकरणाची कार्डे रद्दीत देऊ नका; त्यातले उंची-वजनाचे आकडे आधी वहीत उतरवा. आणि रंग देण्याच्या आधी दाराची चौकट एकदा पाहून घ्या.